धर्मांतराचे पेढे

पेढे वाटले, एवढीच बायडाबाईची चूक. दुसरी कुठली शोधायला जाल तर सापडायची नाही. एकोणतीस वर्षं तिनं संत अग्नेस मुलींच्या शाळेत बालवाडीतल्या पोरींची नाकं पुसली, ओल्या चड्ड्या बदलल्या, कुणाचा डबा सांडला तर आपल्यातली अर्धी भाकरी मोडून दिली, आणि शनिवारी शाळा सुटली की आवारातल्या दगडी गुहेतली मारियामातेची मूर्ती दोन बादल्या पाण्यानं घासून धुतली. बायडाबाई बौद्ध. मूर्तीपुढं हात जोडायची नाही. एकदा एका नव्या सिस्टरनं विचारलं, "तू नमस्कार तर करत नाहीस, मग एवढं घासतेस कशाला?" तर म्हणाली, "आमी देव मानत न्हाय वो शिष्टर. पर कुणाची तरी आई हाय की ती. धुळीत कशापाई ठेवायची?" त्या सिस्टरनं परत विचारलं नाही.

चौदा ऑक्टोबरला बायडाबाई दर वर्षी अर्धा किलो पेढे आणायची. कचेरीत, शिक्षकांच्या खोलीत, वॉचमनला, सगळ्यांना एकेक. "काय बायडाबाई, आज तुमचा दिवस!" असं म्हणून लोक पेढा तोंडात टाकायचे आणि कामाला लागायचे. त्यातल्या किती जणांना तो दिवस कसला हे ठाऊक होतं, देव जाणे. आणि देव तर बायडाबाई मानत नाही, म्हणजे तेही राहिलंच.

यंदा सगळ्यांना देऊन चार पेढे उरले. ते घेऊन ती शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभी राहिली. अंगावर शाळेनं दिलेली निळ्या काठाची पांढरी साडी, खांद्यावर शाळेचा बिल्ला, बिल्ल्यावर क्रूस. समोर पृथ्वीराज नावाचा पालक होता, पोरगी पहिलीत. या गृहस्थाचा मोबाईल हातातनं कधी सुटायचा नाही. रस्त्यात खड्डा दिसला तरी व्हिडिओ, रंकाळ्यावर भेळ खाल्ली तरी व्हिडिओ. त्याचं म्हणे चॅनेल होतं.

"घ्या पावणं, पेढा घ्या," बायडाबाई म्हणाली.

"कशाचा वो मावशी?"

"आजच्या दिशी आमचं धर्मांतर झालं की!"

पृथ्वीराजच्या एका हातात पेढा तसाच राहिला. दुसऱ्या हातातला मोबाईल वर आला.

"काय झालं म्हणालासा?"

"धर्मांतर! आज आमचं धर्मांतर झालं. म्हणून तर पेढं."

"आन् घरातलं देव वो?"

"देव? समदं टोपल्यात भरलं आन् कडवी नदीत सोडलं. खंडोबा, म्हसोबा, मरीआई, येक बी ठेवला न्हाय."

"मग आता बरं वाटतंय?"

"बरं म्हंजे? माणसात आलो की! माझी नात हितंच शिकतीया, धावीला. शिष्टर लई चांगल्या हायत आमच्या."

आता सांगा, यात खोटं काय आहे? एक अक्षर खोटं नाही. तिचा सासरा छप्पन साली मलकापुराहून पायी, एसटीनं, आगगाडीनं नागपूरला जाऊन बाबासाहेबांच्या हजेरीत बौद्ध होऊन आला, आणि आल्या आल्या त्यानं घरातले देवांचे टाक कडवीत सोडले. तेही बायडाबाईनं सांगितलं होतं, मोठ्या कौतुकानं, हात उडवून उडवून सांगितलं होतं. पृथ्वीराजनं ते कापलं. सासरा कापला, छप्पन साल कापलं, नागपूर कापलं. राहिली चाळीस सेकंदं. खांद्यावर क्रूस मिरवणारी म्हातारी कॉन्व्हेंटच्या फाटकात हसत सांगतेय, आज आमचं धर्मांतर झालं, देव नदीत सोडले, सिस्टर लई चांगल्या.

आणि "बौद्ध" हा शब्द? तो तिच्या तोंडातनं निघालाच नाही. का निघावा? मलकापूरकडच्या तिच्या सासरी काय, कोल्हापुरातल्या सिद्धार्थनगरात काय, धर्मांतर म्हटलं की ते एकच. आंघोळ म्हटल्यावर "पाण्यानं केली" असं कुणी सांगतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वॉचमन म्हणाला, "बायडाबाई, तुमी मोबाईलवर आलाईसा." बायडाबाईला बिचारीला आनंद झाला. "व्हय? कशी दिसतोय मी?" तिनं विचारलं.

(कोल्हापूरच्या बायका आपल्याला "आलो, गेलो, दिसतो" असंच म्हणतात, पुरुषासारखं. सिस्टर लोकांनी दोन पिढ्या पोरींना "जातो नव्हे, जाते म्हण" असं घोकवलं. पोरी वर्गात जाते म्हणतात आणि फाटकाबाहेर पाय पडला की जातो.)

दुसऱ्या तासाला फाटकापुढं चाळीसेक माणसं जमली. पुढं हंबीरराव. त्याला त्या भागातली महापालिकेची निवडणूक लढवायची होती आणि विषय मिळत नव्हता. आता घरबसल्या मिळाला. "बाटवाबाटवी बंद करा!" असा गळा फाडून तो ओरडायला लागला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या पोरी खिडकीला नाकं लावून बघत होत्या. शिक्षण खात्यातनं फोन आला, चोवीस तासांत खुलासा द्या. पालकांचे फोन तर मोजायची सोय नव्हती. दुपारी मुख्याध्यापिका सिस्टर दीप्तींनी बायडाबाईला कचेरीत बोलावलं.

या सिस्टर दीप्ती म्हणजे कोण, तर आजऱ्याकडची नऊ वर्षांची पोर, बाप शाळेच्या वसतिगृहात सोडून गेलेला. रविवारी संध्याकाळी बाप भेटून परत निघाला की ती बायडाबाईच्या पदरात तोंड खुपसून रडायची. डोक्यात उवा इतक्या की बायडाबाईनं सीताफळाच्या बिया कुटून लावल्या आणि चार रविवार बसून एकेक टिपली. ती पहिल्यांदा विटाळशी झाली तेव्हा मरणार म्हणून बोंब मारत होती, तेव्हाही बायडाबाईच. ती पोर मोठी झाली, व्रत घेतलं, बाहेरगावी शिकली, आणि तीन वर्षांपूर्वी याच शाळेची मुख्याध्यापिका होऊन आली. लहानपणी मावशी म्हणायची. आल्यापासनं बायडाबाई म्हणू लागली. बायडाबाईला वाईट वाटलं नाही. मोठ्या खुर्चीवर बसल्यावर माणसाला तसं बोलावंच लागतं, असं तिनं मनाची समजूत घालून ठेवली होती.

कचेरीत हेडक्लार्क माधवराव होते. त्यांना सगळी शाळा भाऊसाहेब म्हणायची. पेठेतला माणूस, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी एक कागद टाईप करून ठेवला होता.

"बसा, बायडाबाई," सिस्टर म्हणाल्या. एरवी कचेरीत बायडाबाईला कुणी बसा म्हणत नव्हतं. "तुमच्या त्या व्हिडिओमुळे काय झालंय ते बघताय ना? खुलासा द्यायचाय. भाऊसाहेब, वाचून दाखवा."

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "मी, श्रीमती बायडाबाई कृष्णात कांबळे, वय एकोणसाठ, लिहून देते की मी जन्माने हिंदू महार असून आजही हिंदूच आहे. मी कोणत्याही धर्मात धर्मांतर केलेले नाही. सदर व्हिडिओतील माझे बोलणे गैरसमजातून झाले आहे." त्यांनी कागद तिच्यापुढं सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

बायडाबाईला वाचता येत होतं, सावकाश. बालवाडीतल्या पोरींबरोबर बसून तीही अक्षरं गिरवायला शिकली होती. तिनं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"भाऊसायेब, हितं चुकलंय. बौद्ध लिवा."

"तुमच्या मालकांच्या शाळेच्या दाखल्यावर हिंदू महारच आहे, बायडाबाई. नातीच्या प्रवेशाला तुम्हीच जोडलाय. आपण कागदाबाहेरचं काही लिहीत नाही आहोत."

"ते त्या मास्तरनं लिवलंय. माझ्या सासऱ्यानं चारदा जाऊन सांगिटलं, तरी बी बदललं न्हाय त्यानं. आता तुमी तर बराबर लिवा."

सिस्टर दीप्ती पुढं झुकल्या. "ऐका. बौद्ध लिहिलं की धर्मांतर झालं हे कबूल केल्यासारखं होतं. मग कुठलं, कधीचं, कुणी केलं, हे त्या लोकांना ऐकायचंच नाहीये. त्यांना एकच वाक्य पाहिजे. झालं नाही. अकराशे मुली आहेत आपल्या. एक सही, बायडाबाई. तुम्ही मनातनं कोण आहात ते थोडंच बदलणार आहे?"

बायडाबाई म्हणाली, "शिष्टर, त्या अग्नेसबाईची गोष्ट तुमी दर साली सांगता न्हवं पोरींस्नी? मला तर पाठ झालीया. तेरा वर्सांची पोर. सुभेदार म्हणला, आमच्या देवापुढं चिमूटभर ऊद टाक, सोडतो तुला. तिनं टाकला न्हाय, मग मारली तिला. आता चिमूटभर तर ऊद हुता. टाकायचा हुता की तिनं. मनातनं थोडीच बदलणार हुती?"

भाऊसाहेबांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. सिस्टर दीप्तींचा चेहरा लाल झाला. सहावीत असताना शाळेच्या नाटकात त्याच अग्नेस झाल्या होत्या, आणि केसांत जाईचा गजरा बायडाबाईनं माळला होता.

"ती गोष्ट वेगळी आहे," त्या म्हणाल्या.

"काय येगळं हाय त्यात?"

"मी सही करत न्हाय," बायडाबाई म्हणाली. ती ओरडली नाही, चिडली पण नाही. उद्या रविवार आहे असं सांगावं तसं तिनं सांगितलं. "पर माझ्यामुळं झालंय, तर मीच निस्तरतो. मी येतो फाटकावर. माझ्या तोंडानं सांगतो समद्यास्नी, आमचं धर्मांतर बाबासायबांनी केलंय, छप्पन साली, ह्या शिष्टर तवा जल्माला बी आल्या नव्हत्या. तुमी निस्तं माझ्या बाजूला उभं ऱ्हावा. तुमी उभं ऱ्हायलासा की लोक ऐकत्यात."

सिस्टर दीप्तींनी तिच्याकडं बघितलं. त्या क्षणाला त्यांच्या डोळ्यांत ती आजऱ्याची पोर होती, हे आम्ही नाकारत नाही. त्या म्हणाल्या, "बरं. उद्या अकरा वाजता. मी तुमच्या बाजूला उभी राहीन."

भाऊसाहेब खाकरले. "सिस्टर, एक अडचण आहे. उद्या कुणी विचारलं, या बाई शाळेत कोण, तर पदनाम काय सांगायचं? मस्टरवर यांचं नाव नाहीये."

आणि ते खरंच होतं. एकोणतीस वर्षांपूर्वी बायडाबाई कामाला लागली तेव्हाच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "बायडाबाई, हिला नोकरी समजू नकोस, सेवा समज." बायडाबाईला तो शब्द फार आवडला होता. वस्तीत अभिमानानं सांगायची, मी नोकरी न्हाय करत, सेवा करतो. सेवेला हजेरीपट नसतो, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

"ते नंतर बघू," सिस्टर म्हणाल्या.

संध्याकाळी घरी निशा तोंड पाडून बसली होती. निशा म्हणजे नात, दहावीतली. लेक सूरज आणि सून बिद्रीला, साखर कारखान्यावर. पोरीला चांगली शाळा मिळावी म्हणून ती आजीकडं. रोज सकाळी दोघी मिळून शाळेला जायच्या, आजी कामाला आणि नात वर्गाला.

"समदी बोलत्यात वर्गात," निशा म्हणाली. "आजी, तू सही कर की. कागूदच हाय येक. माझी धावी हाय गं."

"तुला कुणी सांगिटलं सहीचं?"

"समद्यास्नी ठावं हाय."

बायडाबाईनं तिला जवळ घेतलं. "बाळा, तुझा पणजा नागपूरला गेला तवा पायात चप्पल नव्हती त्याच्या. पाटलानं सांगिटलं हुतं, गेलास तर पाणी बंद करीन. केलं बी बंद. त्यानं काय मागारी जाऊन देव परत आणलं व्हय नदीतनं? आता शिष्टरनी नुसतं मागिटलं म्हणून मी लिवून देऊ? आन् काळजी करू नगंस. उद्या शिष्टर सवता उभ्या ऱ्हाणार हायत माझ्याशेजारी."

"नक्की?"

"अगं, तिच्या डोस्क्यातल्या उवा मी काढल्यात. ती मला सोडंल व्हय?"

दुसऱ्या दिवशी बायडाबाईनं साडीला इस्त्री केली. दहा वाजल्यापासनं ती मनात वाक्यं जुळवत होती. आधी नमस्कार म्हणायचं, मग सासऱ्याचं नाव, मग साल. बाबासाहेबांचं नाव घेताना आवाज मोठा काढायचा. हंबीरराव मधेच बोलला तर चिडायचं नाही, पावणं म्हणायचं. अकराला ती सिस्टर दीप्तींबरोबर फाटकाशी गेली. माणसं शंभरावर होती. दोन पोलीस होते. पृथ्वीराज कठड्यावर चढून मोबाईल धरून उभा होता, आणि वरच्या सगळ्या खिडक्या पोरींनी भरल्या होत्या.

सिस्टर दीप्ती तिच्या बाजूला उभ्या राहिल्या नाहीत. दोन पावलं पुढं जाऊन उभ्या राहिल्या. बायडाबाईला वाटलं, आधी त्या बोलणार, मग मला बोलावणार. सिस्टरच्या हातात कागद होता. त्यांनी तो वाचला, मान वर न करता.

"समाजमाध्यमांवरील व्हिडिओत दिसणाऱ्या बाई संत अग्नेस शाळेच्या कर्मचारी नाहीत. शाळेच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नाही आणि कधीही नव्हतं. साफसफाईच्या निमित्तानं त्या अधूनमधून येत असत. त्यांचा धर्म आणि त्यांची वक्तव्यं यांच्याशी शाळेचा कोणताही संबंध नाही. यापुढे त्यांना शाळेच्या आवारात प्रवेश दिला जाणार नाही."

मागनं भाऊसाहेबांनी मस्टर उघडून वर धरलं, न्यायालयात पुरावा दाखवावा तसं. त्यांनी डोळे मिटले होते म्हणे. डोळे मिटले तरी मस्टर खाली आलं नाही.

अधूनमधून! एकोणतीस वर्षं रोज सकाळी सातला येणारी बाई अधूनमधून!

"आवो पर मी—" बायडाबाई पुढं झाली. "माझं ऐका. आमचं धर्मांतर—"

"मावशी, तुमी गप बसा आता," हंबीरराव म्हणाला, आणि त्यातल्या त्यात तोच प्रेमानं बोलला. "तुमची काय चूक न्हाय. गरिबाला कुणी बी फसवतंय. जावा घरी." मग तो मोबाईलकडं वळून छाती काढून म्हणाला, "आपल्या दणक्यानं बाई हाकलली शाळेनं!" लोकांनी घोषणा दिल्या. अर्ध्या तासात फाटक मोकळं झालं. मिसळ खायला गेले असतील. बाई, तुझा धर्म तरी कुठला, हे तिला त्या शंभर माणसांत एकानंही विचारलं नाही.

वॉचमनच्या खोलीमागं सिस्टर दीप्तींनी तिला गाठलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं. मग म्हणाल्या, "मावशी."

तीन वर्षांनी मावशी!

"मावशी, ते फक्त बोलण्यापुरतं होतं. सकाळी वरून फोन आला. वकिलांनी लिहून दिलं, मी काय करू? शाळा वाचवायला पाहिजे ना. तू महिनाभर घरी थांब. दिवाळी झाली की मागच्या दारानं ये, स्वयंपाकघराच्या बाजूनं. तिकडं कुणी बघत नाही. निशाला मी काही त्रास होऊ देणार नाही. तुझ्याशिवाय बालवाडी चालते का?"

बायडाबाईला इतका वेळ राग आला नव्हता. कळतच नव्हतं तर राग कुठनं येणार? मागच्या दाराचं ऐकलं आणि मस्तकात तिडीक गेली.

"दीप्ते," ती म्हणाली. नऊ वर्षांच्या पोरीला म्हणायची तसं. "काल तू माझ्याकडनं खोटं लिवून घ्याय बसलीवतीस. मी दिलं न्हाय, तर आज तूच वाचलंस. काल मला निदान कागूद तरी दाखीवलावतास. न्हाय म्हणाय जागा तरी हुती मला. आज तेवढी बी ठेवली न्हाईस. मी तितं शेजारी उभी, आन् तू म्हणतीस ही कोण ठावं न्हाय. मला सांगाय पायजे हुतंस आदी. मी आलोच नसतो फाटकावर. घरातच बसलो असतो तोंड झाकून."

"मावशी, माझाही नाइलाज—"

"त्या पोरींस्नी ती अग्नेसची गोष्ट पुन्यांदा सांगू नगंस. तेवढी मेहेरबानी कर. आन् मागच्या दारानं मी येत न्हाय. माझा सासरा मागच्या दारानं जायाचा पाटलाच्यात. म्हणून तर नागपूरला गेला त्यो."

सिस्टर दीप्ती रडायला लागल्या. रडू देत. रडून कुणाचं काय भरून येतंय? लहानपणी रडायच्या तेव्हा पदर होता डोळे पुसायला. बायडाबाई फाटकातनं बाहेर पडली आणि उन्हातनं चालत सिद्धार्थनगरला आली. वाटेत दोघा-तिघांनी तिच्याकडं बघून मोबाईलकडं बघितलं.

घरी येऊन ती चुलीपुढं बसली नाही, झोपली नाही, शेजारणीकडंही गेली नाही. उंबऱ्यात बसून राहिली. एकच विचार तिला धरून होता. निशानं खिडकीतनं सगळं बघितलं असणार. पोरीला काय सांगायचं? मग तिनं ठरवलं, सांगायचं की बाळा, मी सही केली न्हाय. बाकी काय बी गेलं असंल, पर तेवढं मी राखलं. पोरीला अभिमान वाटेल. आज नाही वाटला तर मोठी झाल्यावर वाटेल. एवढ्या एका गोष्टीवर बायडाबाईला जरा धीर आला, आणि तिनं उठून पीठ मळायला घेतलं.

साडेपाचला निशा आली. दप्तर ठेवलं, हातपाय धुतले, ताटावर बसली. बायडाबाईनं भाकरी वाढली.

"बघिटलंस व्हय सगळं?"

निशानं मान हलवली. भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला.

"दुपारी वर्गाच्या बाईंनी इचारलं मला," ती म्हणाली. "समद्या वर्गापुढं. निशा कांबळे, त्या फाटकावरच्या बाई तुझ्या कोण?"

"मग?"

निशानं उत्तर दिलं ते शाळेत दिलं होतं तसंच, शाळेच्या शुद्ध मराठीत. "आमच्या गल्लीतल्या आहेत. मी त्यांना नीट ओळखत नाही." मग मान खाली घालून म्हणाली, "शिष्टर बी तसंच म्हणाल्या न्हवं सगळ्यांपुढं. मग मी काय म्हणू?"

हंबीररावाला बायडाबाईनं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, दीप्तीला तोंडावर सुनावलं होतं, पृथ्वीराज दिसता तर त्याचा मोबाईल फोडायची तिची तयारी होती. या पोरीला काय म्हणणार? पंधरा वर्षांची पोर. चाळीस पोरी मागं वळून बघत असताना एकटी उभी. इतका वेळ कोरडे राहिलेले बायडाबाईचे डोळे भरून आले, आणि ते पोरीला दिसू नयेत म्हणून ती तव्याकडं तोंड करून बसली.

"जेव," ती म्हणाली. "गार व्हतंय."

निशा दोन घास जेवली. मग हळूच म्हणाली, "आजी, उद्यापासनं तू मला कोपऱ्यापातूर बी सोडाय येऊ नगंस. कोण तरी बघंल."

"न्हाय येत," बायडाबाई म्हणाली.